आईचा गडवा आणि बर्फातला राजा

बी.ए.च्या परीक्षेचा अर्ज टपालानं घरी आला, तो आधी बाबांच्या हातात पडला. बाबा अक्षराला अक्षर लावून वाचत. अर्जाच्या माथ्यावर ठळक छापलं होतं, 'बहिःस्थ परीक्षार्थी'. त्यांचं बोट 'बहि'वर येऊन थांबलं ते पुढं सरकेना. मी चुलीपाशी होते. त्यांनी मला हाक मारली.

"तुलेबी टाकलं काय वं पोरी भायेर?"

मी हात पुसत ओसरीवर आले. अर्ज पाहिला आणि मला हसूच आलं. कॉलेजात न जाता घरी अभ्यास करून परीक्षा देणाऱ्याला तसं म्हणतात, हे मी त्यांना समजावून सांगितलं.

"घरात बसून अभ्यास करनाऱ्याले भायेरची म्हनते? लयच शायनी मान्सं हायेत तुमची," बाबा म्हणाले आणि अर्ज माझ्याकडं दिला. ते हसले नव्हते. मग माझंही हसू जिरलं. मठाच्या पंगतीतून आम्हाला काढून तेव्हा सहा महिने झाले होते. मठातून जी चिठ्ठी आली होती तिच्यात एक शब्द असाच 'बहि'नं सुरू होणारा होता, आणि बाबांना या अक्षरांचा तेवढा एकच शब्द ठाऊक होता.

आमचं गाव मंगरूळपीरहून मानोऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्यापासून दीड कोस आत. जिल्हा तेव्हा अकोला. दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते, तरी तेव्हा सरकारनं वाटलेल्या सुकडीचं नाव काढलं की पोरं अजून तोंड वाकडं करत. गावात गाद्या दोन, एक मठाची आणि दुसरी पाटलाची. पाटलाची गादी म्हणजे आमच्या ओसरीवर पडलेली, कापूस दबून पोळीसारखी झालेली एक गादी होती, बाकी काही नाही. वतनाची पाटीलकी सरकारनं कधीच काढून घेतली होती. पोलीस पाटील म्हणून दुसऱ्याच माणसाची नेमणूक झाली होती आणि दाखला लागला की लोक त्याच्या दारी जात. पण बाबांना गाव पाटीलच म्हणे आणि बाबा ते खरं धरून चालत. या एका गोष्टीवरून मी त्यांची इतकी थट्टा केली आहे की आज ते आठवलं तरी स्वतःचाच राग येतो.

एक मान तेवढा शिल्लक होता. मठात नवे महाराज गादीवर बसत, तेव्हा त्यांच्या खांद्यावर पहिला शेला पाटलानं घालायचा. घालायचा आणि म्हणायचं, "महाराज, गाव तुमच्या पदरात." महाराजांनी उत्तर द्यायचं, "पाटील, मठ तुमच्या राखणीत." एवढंच. पणजोबांनी एकदा घातला, आजोबांनी एकदा. बाबांची पाळी यायला साठी उलटावी लागली. म्हातारे महाराज गेले त्या दिवशी बाबा खरोखर रडले, पण तेराव्या दिवशी मंगरूळपीरला जाऊन शेला मात्र स्वतः निवडून घेऊन आले. पांढरा, लाल काठाचा. आईनं तो पाटावर ठेवला आणि चार दिवस घरात कोणाला हात लावू दिला नाही.

नवे महाराज पुसदकडचे होते. वय पस्तिशीचं, बोलणं थोडं, नजर बारीक. मठाचा तोवर ट्रस्ट झाला होता आणि ट्रस्टच्या लोकांनी ठरवलं होतं की वतनं गेली तसे वतनाचे मानही गेले. हे त्यांनी बाबांना आधी सांगायला हवं होतं. कोणी सांगितलं नाही. गादीच्या दिवशी दुसऱ्या एका मठाचे महाराज पुढं झाले आणि त्यांनी शेला घातला. बाबा हातावर आपल्या शेल्याची घडी घेऊन चार पावलांवर उभे होते. दोन-अडीच हजार माणसांचा मंडप होता. मी बायकांमध्ये बसले होते, आईच्या शेजारी, आणि आईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

बाबा गप्प बसले असते तर गाव त्यांच्या बाजूनं बोललं असतं. पण गप्प बसणं आमच्या घराण्यात कोणाला जमलेलं नाही, मलाही नाही. ते मोठ्यानं म्हणाले, "पाटलाच्या हातचा शेला नाही, तं थो महाराज कायचा? भाडेकरू हाय थो."

मंडप हसला. महाराज हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मठाचा सेवेकरी चिठ्ठी घेऊन आला. पाटलाच्या उंबरठ्याआतलं माणूस मठाच्या पंगतीला नाही. त्या घराला अंगारा नाही, प्रसाद नाही, तीर्थ नाही. आणि जो त्यांच्या पंगतीला बसेल तोही मठाच्या पंगतीला नाही.

कोणी आमच्याशी भांडलं नाही. भांडले असते तर बरं वाटलं असतं. विहिरीवर बोलायचे, बैल सुटला तर आणून बांधायचे, फक्त लग्नाचं बोलावणं घेऊन कोणी ओसरी चढत नसे. मला पाहायला येणारे पाहुणेही थांबले. त्याचं मला वाईट वाटलं नाही, उलट अभ्यासाला वेळ मिळाला. बाबा म्हणत, "चार दिवस. मंग येतेत सारे ओसरीवर." चार दिवसांचे चार महिने झाले.

खरी शिक्षा झाली ती आईला, जी एक शब्दही बोलली नव्हती. लग्न होऊन आली त्या दुसऱ्या दिवसापासून तिचा नेम होता. सकाळी आंघोळ करून तांब्याचा छोटा गडवा घेऊन मठात जायचं. तिथं समाधीला स्नान घालत, त्या पाण्यात कापराची चिमूट आणि तुळशीचं पान टाकत, ते तीर्थ गडव्यातून घरी आणायचं आणि ते घोटभर घेतल्याशिवाय तोंडात अन्न घालायचं नाही. बाळंतपणातही सासूनं तिला तीर्थ आणून दिलं होतं. बाबा स्वतः ते कधी घेत नसत. "बायकांचं काम," असं म्हणून ते वावरात निघून जात. तीस वर्षं ज्या गडव्यातून तिनं तीर्थ आणलं, तो चिठ्ठी आली त्या सकाळी मठाच्या दारातून रिकामा परत आला. आईनं तो घासला आणि भिंतीतल्या देवळीत पालथा ठेवला.

त्या दिवसापासून ती दुपार कलल्यावर जेवू लागली. भाकरी कमी कमी होत गेली. शेजारची काकू एकदा वाटीत तीर्थ झाकून मागच्या दारानं घेऊन आली. तिचा जीव तुटत होता आईसाठी. आईनं वाटी तिच्या हातात परत दिली.

"चोरून आनलेलं तीर्थ पानीच होते बाई," ती म्हणाली.

मला इतका संताप आला. मी म्हणाले, पाणीच आहे ते, आधीही पाणीच होतं. त्यावर आई उठून चुलीकडं गेली. थंडी सरता सरता तिच्या पोटात दुखायला लागलं. अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोट चाचपलं, गाठ आहे म्हणाले, आणि बाबांना बाजूला नेऊन सांगितलं की घरी न्या, जे मागेल ते खाऊ घाला. ती काहीच मागत नव्हती. एका दुपारी तिच्या पायांना तेल लावताना मला तेवढं म्हणाली, "जाताना तोंडात घोटभर तीर्थ पडलं की झालं. बाबाले बोलू नोको. थे अजून थ्या मंडपातच उभे हायेत."

माझा अभ्यास असा त्या घरात चालला होता. पुस्तक गावच्या शाळेतल्या गुरुजींचं होतं. त्यांनी स्वतः अशीच घरून परीक्षा देऊन पदवी घेतली होती. गुरुजींच्या वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला होता आणि त्यांचं घर गाव आणि मठ यांच्या मधल्या रस्त्याला, वस्तीच्या तोंडाशी होतं. युरोपच्या इतिहासाचं ते जाड पुस्तक देताना त्यांनी एका धड्यात वाळलेलं लिंबाचं पान घालून ठेवलं होतं. "हा धडा हमखास येतो," ते म्हणाले, "राजा आणि पोप."

पाठ करायचं तर मी मोठ्यानं वाचत असे. ओसरीवर बाबा, दाराच्या आत बाजेवर आई. बाबा आधी आडकित्त्यानं सुपारी कातरत ऐकत. मग सुपारी थांबली. मध्ययुगातल्या एका जर्मन राजाची ती हकीकत होती. मोठ्या धर्मगुरूंना अधिकाराची अंगठी आणि हातातला दंड कोणी द्यायचा, राजानं की पोपनं, यावरून भांडण पेटलेलं. राजा म्हणे, माझ्या बापजाद्यांनी दिला, मीही देणार. पोप म्हणे, ते देवाचं काम, तुझं नाही.

"म्हंजे शेलाच ना," बाबा म्हणाले.

मी पुस्तकातून मान वर केली. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मला तो पंधरा मार्कांचा प्रश्न होता. मी पुढं वाचलं. राजानं जाहीर केलं की हा पोप पोपच नाही.

"भाडेकरू," आतून आई म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती हसत होती.

मग पोपनं राजाला धर्माबाहेर काढलं. लोकांना सांगितलं, याचं ऐकायची आता तुम्हाला गरज नाही. सरदार फिरले. काल मुजरा करणारे आज समोर येईनात.

"ओसरीवर कोनी चढेना," बाबा म्हणाले. त्यांना ती नावं उच्चारता येत नव्हती, म्हणून आमच्या घरात तो 'राजा' आणि तो 'पोप' एवढंच राहिलं, मीही इथं तेवढंच लिहिते. त्या दिवसापासून बाबा रोज विचारत, राजाचं आज काय झालं. जणू मानोऱ्याच्या बाजारातून कोणी बातमी आणणार होतं.

राजाचं झालं ते असं. भर हिवाळ्यात डोंगर ओलांडून तो पोप राहत होता त्या किल्ल्याच्या दाराशी गेला. मुकुट काढला, जाडाभरडा अंगरखा घातला आणि अनवाणी बर्फात उभा राहिला.

"बर्फात?" बाबांनी बर्फ पाहिला होता तो मंगरूळपीरच्या उरुसात, सरबताच्या गाडीवर, भुश्यात गुंडाळलेली लादी. "लादीवर उभा राह्यला?"

मी पोट धरून हसले. आईसुद्धा हसली. मग मी सांगितलं की तिकडं बर्फ आभाळातून पडतो, जमीन दिसत नाही. बाबांना ते पटलं नसावं. शेवटपर्यंत त्यांच्या मनात तो राजा भुसा झटकलेल्या लादीवरच उभा होता.

"किती दिवस?"

"तीन."

"मंग उघडलं दार?"

"उघडलं. उघडावंच लागलं त्याले. धर्माचा मानूस होता थो, माफी मांगनाऱ्याले नाही कसं म्हनन?"

बाबांनी आडकित्ता मिटून बाजूला ठेवला. आतून आईचा श्वास ऐकू येत होता. मी पुस्तक मिटलं.

इथं मला माझं पाप लिहायचं आहे. तो धडा तिथं संपत नव्हता. लिंबाचं पान मधे होतं आणि त्याच्या पुढं आणखी एक पान होतं. माफी मिळालेला राजा घरी गेला, त्यानं माणसं जमवली, आणि काही वर्षांनी फौज घेऊन पोपच्या शहरावर चालून आला. ज्या पोपनं दार उघडलं, तो आपल्या गादीपासून लांब, परक्या गावी मेला. राजाचंही भलं झालं नाही, पोटच्या पोरानं त्याला गादीवरून ओढलं. हे सगळं मला पाठ होतं. मी ते वाचलं नाही, कारण बाबांनी मठाच्या दारात जावं असं मला वाटत होतं. आईसाठी वाटत होतं, हे खरं. पण एवढा ताठा एकदा मोडावा, असंही कुठंतरी वाटत होतं, हेही खरं.

दोन दिवसांनी सकाळी बाबांनी पागोटं खुंटीला अडकवलं. मी त्यांना बोडक्या डोक्यानं घराबाहेर पडताना कधी पाहिलं नव्हतं. वहाणा ओट्याखाली सोडल्या. देवळीतला पालथा गडवा उचलला आणि चालू लागले. वैशाख होता.

"राजा कुठी निंगाला?" आईनं मला विचारलं. आणि उत्तराची वाट न पाहता तिनं डोळे मिटून घेतले.

मठाचं दार पूर्वेला. उजाडल्यापासून तिथं पायरीवर ऊन पडतं, दुपारी फरशी इतकी तापते की कुत्रीसुद्धा ओलांडत नाहीत. बाबा पायरीखाली उभे राहिले, हातात गडवा. जाणारे येणारे बाजूनं जात. काही माना खाली घालत, काही मुद्दाम दुसऱ्या दारानं जात. मी दुपारी पाण्याची कळशी घेऊन गेले, तर त्यांनी मान हलवली. "राजानं पेलं होतं का?" त्यांनी विचारलं. पुस्तकात तसं काहीच लिहिलेलं नव्हतं. मी म्हणाले, हो, पाणी पेत होता. मग त्यांनी दोन घोट घेतले.

दिवेलागणीला ते घरी आले तेव्हा तळव्यांना फोड आले होते. आईला उठवत नव्हतं, तरी बाजेवर पडल्या पडल्या तिनं त्यांचे पाय आपल्या बाजेच्या काठावर ठेवायला लावले आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवत राहिली. "मी काही मांगतलं होतं काय तुमाले?" ती म्हणाली. बाबांनी पाय तसेच राहू दिले. आईचा हात बाबांच्या पायांना लागलेला मी आजवर पाहिला होता, तो फक्त नमस्कारापुरता. त्या दिवशीचं वेगळं होतं.

दुसरा दिवस तसाच गेला. गावात आता कुजबुज सुरू झाली होती. पाटील मठाच्या दारात अनवाणी उभा आहे, आणि महाराज आत आहेत. मला खात्री होती की दार उघडणार. पुस्तकात उघडलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा कळशी घेऊन गेले, तेव्हा सेवेकरी बाहेर आला. म्हातारा माणूस, बाबांच्याच वयाचा. त्यानं बाबांकडं पाहिलं नाही, पायरीकडं पाहत बोलला.

"पाटील, महाराज म्हनतेत घरी जा. आज माफी मांगान, उद्या शेला घेऊन येजान. थे म्हनतेत, मी आज दार उघडलं तं उद्या मले दार राह्यत नाही."

कळशी माझ्या कमरेवरच राहिली. महाराजांनी ते पुस्तक कधी हातात धरलं नव्हतं, तरी मी वाचून न दाखवलेलं पान त्यांना तोंडपाठ होतं. मला त्यांचा राग यायला हवा होता, आणि आलाही, पुढं कित्येक वर्षं येत राहिला. पण त्या क्षणी मला फक्त एवढंच कळलं की बाबांना मी तीन दिवस उन्हात उभं केलं होतं, आणि शेवट मला आधीपासून माहीत होता.

बाबा म्हणाले, "माही बायको मरून राह्यली. शेल्याचं कोन बोलते आता?" सेवेकऱ्यानं हात जोडले आणि दार ओढून घेतलं.

येताना रस्त्यात बाबांचा तोल गेला. गुरुजींच्या घरासमोर लिंबाची सावली होती, तिथं ते बसले. गुरुजींच्या शाळेला सुट्टी होती, ते धावत आले. माठातलं पाणी दिलं. बाबांनी आयुष्यात त्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि सगळा रिकामा केला. मग गुरुजींच्या आई पाणी घेऊन आल्या आणि त्यांच्या पायांवर ओतू लागल्या. बाबांनी पाय मागं घेतले नाहीत.

मी गुरुजींना सगळं सांगितलं, पुढच्या पानाचंही. त्यांनी एकदा बाबांकडं पाहिलं. मग हळूच, बाबांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "भायेर काढलेल्या मान्सानं दारात उभं राहावं की निंघून जावं, हे थ्या पुस्तकात नाही. माह्या बापानं निंघून जायाचं ठरवलं. पन तुह्या आईले जायाचं नाही ना कुठी. तिले तीर्थ पायजे." त्यांनी दुसरं काही सुचवलं नाही. सुचवलं बाबांनी. त्यांनी हातातला गडवा गुरुजींच्या आईपुढं धरला.

"बाई, याच्यात टाका थोडं."

त्यांनी बाबांच्या हातून गडवा घेतला. मग तो स्वच्छ धुतला, माठात नवं पाणी होतं त्यातलं भरलं आणि दोन्ही हातांनी दिला.

घरी आलो तेव्हा ऊन ओसरीवरून खाली उतरलं होतं. आई जागी होती. बाबांनी तुळशीचं एक पान तोडून गडव्यात टाकलं आणि तिच्या उशाशी बसले.

"उघडलं दार?" तिनं विचारलं.

"उघडलं."

"पाय भाजले असन."

"नाही. लादीवर उभा होतो," बाबा म्हणाले. ती हसली. त्यांनी चमच्यानं तिच्या तोंडात पाणी घातलं, एक, दोन, तीन वेळा. तिनं डोळे मिटून गिळलं आणि उजवा हात कपाळाला लावला, जसा ती तीस वर्षं लावत आली होती. बाबा उठून बैलांकडं गेले. गोठ्यात ते कितीतरी वेळ उभे होते.

ते गेल्यावर आईनं मला जवळ बोलावलं. आवाज अगदी खोल गेला होता, कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला.

"तीर्थाले कापराचा वास असते पोरी. याले नव्हता."

मला रडू आवरेना. मी तिची माफी मागू लागले, पानाचं, पुस्तकाचं, सगळंच सांगू लागले. तिनं मला थांबवलं.

"चोरून आनलेलं तीर्थ पानी होते म्हनलं होतं ना म्या. मंग तीन दिवस उभं राहून आनलेलं पानी तीर्थ नाही होनार काय?" आणि मग, "बाबाले सांगजो नोको. त्याईले वाटू दे मले समजलं नाही."

दोन दिवसांनी सकाळी ती गेली. भाऊबंदांतले चौघे आले, पंगत बंद असूनही आले. तिरडी धरायला पाचवे गुरुजी होते आणि त्या दिवशी कोणी कुरकुर केली नाही.

दहाव्या दिवशी सेवेकरी पुन्हा दारात उभा राहिला. मठानं पंगत उघडली होती. तेरवीला गावानं पाटलाच्या घरी जेवायला हरकत नव्हती. महाराजांनी तीर्थ पाठवलं होतं, आईच्या नावानं. आता पाटलाकडं घेऊन येण्यासारखा शेलाही उरला नव्हता. तो आम्ही आईच्या अंगावर घातला होता.

बाबांनी तीर्थ आईच्या गडव्यात ओतून घेतलं. सेवेकरी गेला. त्यांनी गडवा तोंडाजवळ नेला. आयुष्यात पहिल्यांदा ते तीर्थ घेणार होते. घेता घेता थांबले. गडवा खाली केला, पुन्हा नाकाशी धरला.

"याले तं कापराचा वास येते," ते म्हणाले.

मी तांदूळ निवडत होते. माझे हात थांबले.

"रोज येत होता काय?"

"हो."

ते माझ्याकडं पाहत राहिले. साठी उलटलेला, डोकं भादरलेला, भाजलेल्या पायांचा माणूस. "तुह्या मायले समजलं असन काय वं?"

आई मला नको म्हणून गेली होती. पण आई जे शेवटी बोलली होती, ते त्यांच्यासाठीच होतं, माझ्यासाठी नव्हतं. ते मी त्यांना त्या क्षणी सांगितलं असतं तर तीन दिवसांचं ते ऊन त्यांच्या अंगावरून उतरलं असतं. हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटलं, आईचा शब्द पाळायचा, आणि एकदा एक पान न वाचून मी जसं माझ्या मनाचं केलं होतं, तसं आता तरी करायचं नाही. मला हे कळलं नाही की मी पुन्हा एक पान दडवतच होते.

"नाही बाबा," मी म्हणाले. "समजलं नाही तिले."

त्यांनी मान हलवली. गडवा घेऊन ते अंगणात गेले आणि तीर्थ तुळशीला घातलं. परीक्षेत तो प्रश्न आला. संघर्षाची कारणं, घटना आणि परिणाम, मी सगळं लिहिलं, पुढच्या पानासकट. बाबा त्यानंतर अकरा वर्षं जगले. त्या वर्षांत मठाच्या पंगतीला ते दर एकादशीला बसत, गावाशी हसून बोलत. पण तीर्थ घेऊन सेवेकरी पुढ्यात आला, की ते आधी वास घेत आणि मग हात मागं घेत. मी जवळ बसलेली असे. सांगायला एक वाक्य होतं, आणि मी ते सांगितलं नाही.